एकच एजंट, तीन दरबार : विंडोज, मॅक आणि लिनक्सवरील ‘एजंट’ वेगळे का वागतात?

१/
१९ जुलै २०२४, शुक्रवार. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सुरक्षा कंपनीने आपल्या ‘फाल्कन’ सॉफ्टवेअरसाठी एक लहानशी फाइल जगभर पाठवली. ७८ मिनिटांत ती मागे घेण्यात आली. तोवर, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर येऊन थिजले होते. विमाने जमिनीवर राहिली, रुग्णालयांचे कामकाज खोळंबले आणि भारतातील विमानतळांवर प्रवाशांच्या हाती पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास पडले.

२/
या घटनेतील एक तपशील इतिहासाच्या विद्यार्थ्याने टिपून ठेवावा असा आहे. हेच फाल्कन मॅक आणि लिनक्स संगणकांवरही बसवलेले होते. ते संगणक सुरळीत चालू राहिले. सदोष फाइल केवळ विंडोजसाठीची होती, हे झाले तात्कालिक कारण. पण एका फाइलमधील चुकीने अख्खा संगणक कोसळावा, इतका अधिकार विंडोजने त्या सॉफ्टवेअरला का दिला होता? आणि मॅकने तो का काढून घेतला होता? याची उत्तरे १९९१, २००६, २००९ आणि २०१९ या वर्षांत सापडतात. आजचा थ्रेड त्यांविषयी.

३/
प्रथम ‘एजंट’ म्हणजे काय ते पाहू. एखाद्या कंपनीकडे दहा हजार लॅपटॉप असतील, तर प्रत्येकापाशी जाऊन सेटिंग बदलणे अशक्य. म्हणून प्रत्येक यंत्रावर एक छोटा प्रोग्रॅम बसवला जातो. तो पडद्यामागे चालतो, मुख्य सर्व्हरला यंत्राची खबर देतो आणि तिथून आलेले हुकूम अमलात आणतो. कोणते सॉफ्टवेअर बसले आहे, सुरक्षेचे अपडेट झाले की नाही, डिस्क कुलूपबंद आहे का, हे तो पाहतो. लॅपटॉप चोरीला गेला तर त्यातील माहिती पुसतो. काही एजंट कारभार पाहतात, तर फाल्कनसारखे काही पहारा देतात. यंत्रावर राहून दूरच्या धन्याची चाकरी करणे, हे दोघांचेही स्वरूप.

४/
मराठ्यांच्या इतिहासाशी परिचित असलेल्यांना ही भूमिका नवी वाटणार नाही. पेशव्यांचे वकील म्हणून हिंगणे दिल्ली दरबारी होते. ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट म्हणून मॅलेट १७८६ पासून पुण्यात होता. दोघांचे काम वरवर सारखेच : खबर पाठवणे आणि धन्याचे हित सांभाळणे. पण वकिलाला दिवाणखान्यापर्यंतच प्रवेश मिळेल की थेट खलबतखान्यापर्यंत, हे केवळ त्याच्या धन्याच्या इच्छेवर ठरत नसे. त्या दरबाराची रीत आणि त्या क्षणाचे बलाबल यांवरही ते अवलंबून असे. संगणकावरील एजंटचेही तेच. ऑपरेटिंग सिस्टीम हा त्याचा दरबार, आणि ‘कर्नल’ म्हणजे प्रणालीचा अंतर्गाभा, हा खलबतखाना. कर्नलमध्ये चूक झाली तर संपूर्ण यंत्र थांबते. बाहेर झाली तर बहुधा तो एकच प्रोग्रॅम पडतो.

५/
‘एजंट’ हा शब्द या अर्थाने रूढ होण्यात नेटवर्कच्या जगाचा मोठा वाटा आहे. १९८८ मध्ये एसएनएमपी या नियमावलीने दोन पात्रे स्पष्टपणे मांडली : मध्यवर्ती ‘मॅनेजर’ आणि प्रत्येक उपकरणावरील ‘एजंट’. राउटरसारख्या उपकरणांची विचारपूस करणे हा तिचा हेतू. माणसांच्या टेबलावरील संगणकांपर्यंत ही कल्पना पोहोचली तेव्हा मात्र प्रत्येक दरबाराने तिला आपापल्या रीतीने सामावून घेतले.

६/
पहिला दरबार : युनिक्स आणि त्याचा वारस लिनक्स. १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये जन्मलेल्या युनिक्सची धारणा अशी की, यंत्र एक, वापरकर्ते अनेक, आणि सर्वांवर ‘रूट’ नावाचा एक सर्वाधिकारी. म्हणजे कारभारी ही संकल्पना तिथे आरंभापासूनच होती. अडचण निराळीच होती. प्रत्येक उत्पादकाचे युनिक्स वेगळे. १९९३ मध्ये ऑस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस यांनी याच गोंधळातून वाट काढण्यासाठी ‘सीएफइंजिन’ लिहिले.

७/
बर्जेस हे पदार्थविज्ञानाचे अभ्यासक. ‘आधी हे कर, मग ते कर’ अशी आज्ञांची यादी देण्याऐवजी ‘यंत्राची अंतिम स्थिती अशी असावी’ एवढेच सांगायचे, आणि एजंटने पुन्हा पुन्हा तपासून यंत्राला त्या स्थितीकडे आणायचे, ही त्यांच्या साधनातील मूलगामी कल्पना. पुढे २००५ मधील ‘पपेट’ आणि २००९ मधील ‘शेफ’ याच वाटेने गेले. आज कोणत्याही कंपनीत ‘धोरण लागू करा’ असे म्हटले जाते, त्यामागे या विचाराचे मोठे ऋण आहे.

८/
युनिक्सच्या परंपरेतून याच्या नेमकी उलट वाटही निघाली. हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरीला गेल्यानंतर तातू यलोनेन यांनी १९९५ मध्ये ‘एसएसएच’ तयार केले : दूरच्या यंत्रात शिरण्याचा सुरक्षित दरवाजा. हा दरवाजा बहुतेक लिनक्स सर्व्हरांवर आधीच असल्यामुळे २०१२ मध्ये ‘अ‍ॅन्सिबल’ने एजंटच नाकारला. काम असेल तेव्हा दरवाजातून आत यायचे, काम उरकायचे आणि निघून जायचे. कायमचा वकील ठेवायचा नाही. गरजेपुरता जासूद पाठवायचा.

९/
पण पहारेकरी एजंटला असे येऊन-जाऊन चालत नाही. त्याला सतत आत राहावे लागते, आणि इथे लिनक्सचा स्वभाव आडवा येतो. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेल्या या कर्नलचे विकासक आपली अंतर्गत रचना कायम ठेवण्याचे वचन बाहेरच्या कोणालाही देत नाहीत. हे त्यांचे जाहीर धोरण आहे. त्यामुळे आज नीट चालणारे एजंटचे कर्नल मोड्यूल उद्याच्या अपडेटनंतर चालेलच असे नाही. शिवाय डेबियन कुळाची पॅकेजे ‘डेब’ स्वरूपात, तर रेड हॅट कुळाची ‘आरपीएम’ स्वरूपात. ‘लिनक्ससाठी एजंट’ असे एका शब्दात म्हटले, तरी प्रत्यक्षात अनेक वितरणे आणि अनेक कर्नल आवृत्त्या स्वतंत्रपणे तपासून पाहाव्या लागतात.

१०/
यावर लिनक्सने काढलेला तोडगा विलक्षण आहे. नेटवर्कवरील पाकिटे गाळून पाहण्यासाठी १९९२ च्या सुमारास लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत स्टीव्हन मॅकॅन आणि व्हॅन जेकबसन यांनी ‘बीपीएफ’ ही युक्ती रचली होती. २०१४ मध्ये तिचे विस्तारित रूप, ‘ईबीपीएफ’, लिनक्स कर्नलमध्ये दाखल झाले. एजंटने आपला छोटा प्रोग्रॅम कर्नलकडे द्यायचा. कर्नलमधील तपासनीस तो आधी पारखतो. प्रोग्रॅम अनंत काळ फिरत राहील किंवा भलत्या स्मृतीला हात लावील अशी शंका आली, तर प्रवेश नाही. खलबतखान्यात जाता येते, पण दारावर कसून झडती होते.

११/
दुसरा दरबार : विंडोज. त्याचे मूळ १९८१ च्या डॉसमध्ये आहे, म्हणजे एक माणूस आणि एक यंत्र. तिथे कारभाऱ्याची कल्पनाच नव्हती. बसलेला माणूसच मालक. पुढे हीच यंत्रे कचेऱ्यांत हजारोंच्या संख्येने आली आणि कारभार नंतरून बसवावा लागला. १९९३ मध्ये नव्या पायावर उभारलेले विंडोज एनटी आले, आणि १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘सिस्टिम्स मॅनेजमेंट सर्व्हर’ बाजारात आणला. त्याचा एजंट यंत्रांची मोजदाद करी आणि सॉफ्टवेअर पोहोचवी.

१२/
२००० साली विंडोज २००० सोबत ‘अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी’ आणि ‘ग्रूप पॉलिसी’ आली. विंडोजमधील बहुतेक सेटिंग ‘रजिस्ट्री’ नावाच्या एका भल्या मोठ्या दप्तरात नोंदलेली असतात. त्या दप्तरातील नोंद बदलली की यंत्राचे वागणे बदलते. म्हणून विंडोजवरील एजंट हा प्रामुख्याने दप्तराचा कारकून झाला, आणि तोही ‘सिस्टीम’ या सर्वोच्च खात्याच्या अधिकाराने वावरणारा. लिनक्सवर हेच काम साध्या मजकुराच्या फाइली बदलून होते. विंडोजच्या या रचनेत एक गृहीतक होते : यंत्र कचेरीच्या नेटवर्कवर असेल. लॅपटॉप घरी जाऊ लागले तसे ते डळमळले, आणि २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून चालणारे ‘इन्ट्यून’ आणले.

१३/
आता कर्नलचा प्रश्न. विषाणुरोधक कंपन्या अनेक वर्षे विंडोजच्या कर्नलमध्ये शिरून आपल्या सोयीने त्यात फेरफार करत होत्या. २००५ पासून ६४-बिट विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टने ‘पॅचगार्ड’ आणून या फेरफारांवर बंदी घातली. २००६ मध्ये व्हिस्टा येऊ घातले तेव्हा सिमॅन्टेक आणि मॅकॅफी यांनी मोठा गदारोळ केला. मायक्रोसॉफ्ट स्वतःही सुरक्षा सॉफ्टवेअर विकू लागली होती. मग स्पर्धकांना बाहेर काढून स्वतः आत बसायचे, हा न्याय कोणता, असा त्यांचा सवाल. युरोपीय आयोगानेही लक्ष घातले. अखेर पर्यायी मार्ग देण्याचे मायक्रोसॉफ्टने मान्य केले. कर्नल ड्रायव्हरचा अधिकृत दरवाजाही उघडाच राहिला.

१४/
डिसेंबर २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने युरोपीय आयोगाला परस्परसुसंगतीविषयी लेखी हमी दिली : आपल्या सुरक्षा उत्पादनांना जे मार्ग उपलब्ध, तेच इतरांनाही. २०२४ च्या दुर्घटनेनंतर मायक्रोसॉफ्टच्या प्रवक्त्याने याच हमीकडे बोट दाखवले आणि यामुळे आम्हाला अ‍ॅपलसारखी कुंपणे घालता येत नाहीत, असे सुचवले. आयोगाने ते मानले नाही. इथे दस्तऐवज काळजीपूर्वक वाचायला हवा. हमी समान वागणुकीची आहे. सर्वांना, म्हणजे स्वतःलाही, कर्नलबाहेर नेले असते, तरी समानता राखली गेली असती. तो मार्ग खर्चिक आणि गैरसोयीचा होता, आणि तो निवडला गेला नाही.

१५/
तिसरा दरबार : मॅक. अ‍ॅपलने नेक्स्ट ही कंपनी विकत घेतली आणि तिच्या पायावर २००१ मध्ये मॅक ओएस टेन उभे राहिले. त्याची वंशावळ युनिक्सची. त्यामुळे तिथेही ‘रूट’ होता, एसएसएच होते आणि कर्नलमध्ये शिरण्यासाठी ‘केक्स्ट’ नावाची जोडणीही होती. कचेऱ्यांत मॅक थोडे. २००२ मध्ये स्थापन झालेली जॅम्फ ही कंपनी अशा मॅकसाठी एजंट बनवू लागली. तोवर तिन्ही दरबारांत फार मोठे अंतर पडलेले नव्हते.

१६/
वळण आले ते फोनमुळे. २०१० मध्ये आयफोनच्या चौथ्या प्रणालीसोबत अ‍ॅपलने ‘एमडीएम’ ही व्यवस्था आणली, आणि २०११ मध्ये ‘लायन’ आवृत्तीतून ती मॅकवरही आली. इथे एजंट बाहेरून यायचा नसतो. तो प्रणालीतच असतो, अ‍ॅपलने लिहिलेला. कंपनीचा सर्व्हर अ‍ॅपलच्या सूचनासेवेमार्फत यंत्राला केवळ ‘विचारपूस कर’ असा निरोप देतो. मग यंत्र स्वतः सर्व्हरशी बोलते आणि अ‍ॅपलने आधीच ठरवलेल्या यादीतील आज्ञाच पाळते. यादीबाहेरची आज्ञा एमडीएमला देताच येत नाही. वकील कोणी ठेवायचा, एवढेच नव्हे, तर त्याने कोणती वाक्ये बोलायची हेही दरबारच ठरवू लागला.

१७/
यानंतर अ‍ॅपलने एकेक दार लावत नेले. २०१५ : प्रणालीच्या फाइलींना ‘रूट’लाही हात लावता येईना. २०१७ : बाहेरची केक्स्ट चालवण्यासाठी वापरकर्त्याची संमती आवश्यक झाली. २०१८ : खासगी माहितीच्या अनेक कप्प्यांसाठी स्वतंत्र परवानग्या आल्या. २०१९, ‘कॅटलिना’ : कर्नलबाहेरून काम करणारी ‘सिस्टीम एक्स्टेंशन’ आणि सुरक्षा एजंटांसाठी अधिकृत खिडकी आली. २०२० : अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपवरील मॅकमध्ये केक्स्ट चालवायची, तर यंत्राची सुरक्षापातळी मुद्दाम खाली आणावी लागते. फाल्कन मॅकवर याच खिडकीतून काम करते. तिथे ते कोसळले, तरी त्याच्यासोबत कर्नल कोसळण्याचे कारण उरत नाही.

१८/
याचा व्यवहारात अर्थ काय? एकाच कंपनीचा, एकाच नावाचा एजंट तीन यंत्रांवर बसवला, तरी ते तीन वेगळे प्राणी असतात.
• विंडोजवर तो सर्वाधिकारी : रजिस्ट्री बदलतो आणि हवे ते प्रोग्रॅम चालवतो. त्याचा पहारेकरी भाईबंद तर थेट कर्नलमध्ये बसतो.
• मॅकवर तो परवानाधारक : ‘फुल डिस्क अ‍ॅक्सेस’ मिळेपर्यंत अर्धे यंत्र त्याला दिसत नाही. हा परवाना एमडीएममधून देता येतो. पण कॅमेरा आणि मायक्रोफोन यांची परवानगी कंपनी परस्पर देऊ शकत नाही. ती केवळ नाकारू शकते.
• लिनक्सवर तो सर्वाधिकारी, पण अस्थिर भूमीवरचा : कर्नल बदलला की त्याची पाहण्याची शक्ती कमी होऊ शकते.
नियंत्रण कक्षातील फलकावर तिन्ही यंत्रांसमोर हिरवी खूण दिसते. त्या तीन खुणांचा अर्थ मात्र एक नसतो.

१९/
विंडोजवरील या सर्वाधिकाराची किंमत २०२४ मध्ये कशी मोजावी लागली, पाहा. फाल्कनच्या कर्नलमधील भागाला २१ माहितीघटक अपेक्षित होते. त्याला २० पुरवले गेले. एकविसावा शोधताना त्याने भलत्या जागी हात घातला आणि विंडोज थांबले. हा ड्रायव्हर संगणक सुरू होतानाच चढत असल्यामुळे पुन्हा सुरू केले की पुन्हा तेच. कारभार पाहणारा एजंट दुरुस्ती करू शकला असता. पण तो जागा होण्याआधीच यंत्र कोसळे. परिणामी माणसांना एकेका संगणकापाशी जाऊन, सेफ मोडमध्ये ती फाइल हाताने पुसावी लागली. जे टाळण्यासाठी एजंटचा शोध लागला, नेमके तेच करावे लागले.

२०/
धोका केवळ चुकीचाच नसतो. जुलै २०२१ मध्ये कसेया या कंपनीच्या व्यवस्थापन सॉफ्टवेअरमधील त्रुटी ‘रेव्हिल’ या खंडणीखोर टोळीच्या हाती लागली. ज्या एजंटवर यंत्रांचा पूर्ण विश्वास, त्याच्याच हस्ते त्यांनी खंडणीचा विषाणू पोहोचवला. कंपनीच्या सांगण्यानुसार सुमारे ६० थेट ग्राहकांमार्फत १,५०० पर्यंत व्यवसायांना झळ बसली. स्वीडनमधील ‘कूप’ या किराणा साखळीला शेकडो दुकाने बंद ठेवावी लागली. विश्वासू कारभारी फितला, तर किल्ल्याचा दरवाजा आतून उघडतो.

२१/
म्हणून मॅक श्रेष्ठ आणि विंडोज कनिष्ठ असा निकाल द्यायचा का? इतके सोपे नाही. मॅकवर कोणत्या खिडक्या उघडायच्या हे अ‍ॅपल एकटीच ठरवते; सुरक्षा कंपनीला जे पाहायचे आहे ते त्या खिडकीतून दिसत नसेल, तर इलाज नाही. लिनक्सची झडतीही अभेद्य नाही : २०२४ मध्येच, विंडोजच्या दुर्घटनेपूर्वी काही आठवडे, रेड हॅटच्या एका कर्नल आवृत्तीवर फाल्कनच्या ईबीपीएफ मार्गामुळे यंत्रे बंद पडल्याची नोंद झाली. तपासनीस ज्या कर्नलमध्ये बसतो, त्यातच दोष असू शकतो.

२२/
२०२४ च्या आघाताने विंडोजचा प्रवाह वळू लागला आहे. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने सुरक्षा कंपन्यांना रेडमंडला बोलावले. नोव्हेंबरमध्ये विंडोज अधिक टणक करण्याचा कार्यक्रम जाहीर झाला. २०२५ मध्ये सुरक्षा एजंटांना कर्नलबाहेरून काम करता यावे, यासाठी नव्या मंचाची मर्यादित चाचणी काही कंपन्यांसाठी सुरू झाली. २००६ मध्ये जे भांडण अर्ध्यावर सोडले गेले, ते १८ वर्षांनी पुन्हा पटावर आले. आणि जुना प्रश्नही सोबत आला : इतरांना बाहेर काढणारा स्वतःही बाहेर येणार का?

२३/
या साऱ्यातून हाती काय लागते? तीन प्रणालींतील फरक कोणी एका बैठकीत आखलेले नाहीत. एकीचा पाया सामायिक यंत्राचा, दुसरीचा एकट्या माणसाच्या यंत्राचा. तिसरीचा वंश युनिक्सचा, पण शिस्त फोनची. त्यावर स्पर्धाकायदा, बाजारातील भांडणे आणि एखाद्या विद्यापीठातील पासवर्डचोरी यांचे थर साचत गेले. १९९० च्या दशकातील सोय २०२४ मध्ये विमानतळावरची रांग होऊन समोर येते. राज्यसंस्थांच्या इतिहासात आपण हेच वाचतो : तात्पुरता म्हणून दिलेला अधिकार परत घेणे सर्वांत अवघड.

२४/
आणि हा विषय केवळ कंपन्यांचा नाही. तुमच्यापैकी अनेकांना पहिल्या नोकरीत लॅपटॉप मिळेल किंवा मिळाला असेल. त्यात एजंट असण्याची शक्यता मोठी आहे. तो विंडोजवर असेल तर त्याला काय दिसते, मॅकवर असेल तर काय दिसत नाही, हे विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे. स्वतःच्या यंत्रावर कार्यालयाचा एजंट बसवायला सांगितले गेले, तर हा प्रश्न आधी विचारा आणि मगच होकार द्या. दरबारात वकील कुठवर आला आहे, हे घरच्या माणसाला ठाऊक असलेले बरे.

थ्रेड समाप्त. शंका, दुरुस्त्या आणि भर यांचे स्वागत आहे. उपयुक्त वाटल्यास मित्रांपर्यंत अवश्य पोहोचवा.